कपाटातले गमबूट

३ जून, मंगळवार

ही वही नलूने वाणसामानाच्या यादीसाठी आणली होती. पहिली दोन पानं तूरडाळ, रवा आणि फिनेल यांच्यात खर्ची पडली आहेत. तिसऱ्या पानापासून मी लिहितो आहे. आमच्या शांताराम बिल्डिंगच्या इतिहासात आजचा दिवस महत्त्वाचा आहे आणि तो लिहून ठेवील असा दुसरा माणूस इथे मला दिसत नाही.

आम्ही ‘स्वच्छ वस्ती, सुरक्षित वस्ती’ स्पर्धेत उतरलो आहोत. करी रोड ते लालबाग पट्ट्यातल्या सव्वीस चाळी आहेत. स्पर्धा भरवणारं प्रतिष्ठान समोरच्या टॉवरमधलं. त्या लोकांना बाविसाव्या मजल्यावरून आमचे पत्रे आणि पत्र्यांवरचा संसार दिसतो, तेव्हा आमच्या स्वच्छतेची काळजी त्यांना वाटणारच. एकूण शंभर गुण. नोटीस बोर्डाला पाच, जिन्याला दहा, घरगल्लीला वीस, असं सगळं तक्त्यात दिलं आहे. असा तक्ता हातात आला की मला बरं वाटतं.

सेक्रेटरी या नात्याने सगळी जबाबदारी माझ्यावर आहे. मी चौतीस वर्षं लोअर परळला पंप बनवणाऱ्या कंपनीत स्टोअरकीपर होतो. सहीची चिठ्ठी असल्याशिवाय माझ्या स्टोअरमधून वॉशरसुद्धा बाहेर पडला नाही. कंपनी बंद झाली तेव्हा आत पेट्या भरून नवे कोरे स्पेअर पार्ट होते, आणि ज्या मशीनचे ते होते त्या मशीन भंगारात जाऊन नऊ वर्षं झाली होती. निरोपसमारंभात मॅनेजरसाहेब म्हणाले, "मनोहर, असा माल जपणारा माणूस मी पाहिला नाही." सगळे खूप हसले. लोकांचं माझ्यावर प्रेम होतं.

नलूला स्पर्धेचं सांगितलं. ती म्हणाली, "आधी आपली मोरी घासा."

७ जून, शनिवार

प्रतिष्ठानाची दीपिका पाहणीला आली. पंचविशीची असेल. हातात टॅब, पायात पांढरेशुभ्र बूट. घरगल्लीपाशी आलो तेव्हा मीच म्हटलं, आत नको, इथूनच बघा. आमच्या आणि शेजारच्या रघुनाथ बिल्डिंगच्या पाठींमधली ही चार फुटांची गल्ली. दोन्हीकडच्या मोऱ्यांचे पाइप तिथे उतरतात, आणि पाइपांना सोबत म्हणून खिडक्यांतूनही बरंच काही उतरतं. गेली अकरा वर्षं आनंदा ती साफ करतो. कॉटन ग्रीनहून सकाळी सहाला येतो, फावडं घेऊन एका टोकाने शिरतो आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो. दोन्ही बिल्डिंगांनी मिळून त्याला ठेवलेला आहे. पायात बारा महिने स्लिपर.

नेमकी ती स्लिपर दीपिकाने टिपली. "सर, सफाई मित्राच्या सेफ्टीला पंधरा मार्क आहेत." सफाई मित्र म्हणजे आनंदा. आम्ही आपले इतकी वर्षं त्याला नुसतं आनंदा म्हणत होतो.

मग तिने गाडीतून किट काढून दिलं. हातमोजे, मास्क, चकाकत्या पट्ट्यांचं जाकीट आणि गमबुटांची जोडी. काळेभोर, गुडघ्यापर्यंतचे, आठ नंबर. आनंदाने ते चढवले, अंगणात चार पावलं टाकली आणि लहान मुलासारखा हसला. "साहेब, आत लई गार वाटतंय." दीपिकाने फोटो काढले. एका फोटोत मी त्याच्या खांद्यावर हात ठेवलेला आहे. नंतर मी साबणाने हात धुतले, कारण हात धुण्याच्या सवयीलाही पाच गुण आहेत.

"मग उद्यापासून घालू ना, साहेब?" आनंदाने विचारलं. दीपिका गेलेली होती. मी त्याला तक्ता वाचून दाखवला: ‘किटची स्थिती: उत्तम, बरी, खराब.’ उत्तमला पाच, खराबला शून्य. अंतिम पाहणी सोळा जुलैला. त्याआधी हे बूट त्या गटारात उतरले तर त्यांची स्थिती काय होईल, हे सांगायला स्टोअरकीपर लागत नाही. "सोळा तारखेनंतर तुझेच आहेत," मी म्हटलं. बूट फडक्याने पुसले, आकार जाऊ नये म्हणून आत वर्तमानपत्र कोंबलं आणि आमच्याच खोलीत असलेल्या कमिटीच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्या बंडीच्या खिशात.

आणखी एक सुधारणा. आनंदाचा चहाचा कान तुटका कप जिन्याच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असतो. पाहुण्यांना ते बरं दिसणार नाही. आजपासून त्याला कागदी कप. काळ बदलतो तसं आपणही बदललं पाहिजे.

१२ जून, गुरुवार

आज एक मूलभूत प्रश्न निकालात काढला. रघुनाथ बिल्डिंगही स्पर्धेत आहे. त्यांचा सेक्रेटरी उन्मेष, वय तेहतीस, बोलणं असं की टॉवर यानेच बांधला. आनंदाने अख्खी गल्ली साफ केली तर वीसपैकी गुण दोघांनाही मिळणार. मग आम्ही पुढे कसे जाणार? मी कमिटीत मांडलं की आनंदा आमच्या वाट्याच्या वेळात फक्त आमचीच दोन फुटं साफ करील. हे उन्मेषला कळलं तेव्हा तोही म्हणाला, "चालेल, आमचं आम्ही बघू."

सकाळी मी स्वतः टेप लावून गल्लीच्या मधोमध फक्कीची रेघ मारून घेतली. म्हणजे मी या टोकाला टेप धरून उभा, आणि फक्की घेऊन आत आनंदा. रेघ सरळ आली. मधोमध गटाराचा चेंबर आहे, त्याच्या झाकणावरून रेघ बरोबर अर्ध्यातून जाते.

तळमजल्यावरचा लवू बघत होता. वय शहात्तर, गिरणीत मागांच्या खडखडाटात साचे चालवून कान गेले, तोंड शाबूत राहिलं. तो म्हणाला, "मनू, पाणी काय तुझी फक्की बघून थांबतला?"

शिक्षण नसलं की माणूस असं बोलतो.

१९ जून, गुरुवार

पाणी थांबलं आहे.

चेंबर तुंबला आहे. दर वर्षी आनंदा जूनमध्ये त्याचं झाकण उचलून गाळ काढतो. यंदा झाकण अर्धं आमचं आणि अर्धं त्यांचं. मी उन्मेषला लेखी कळवलं की आपलं अर्धं उघडून घ्यावं. त्याचं व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर आलं, ‘पहिले तुम्ही, काका.’ काका! मी उत्तर दिलेलं नाही. पुढाकार घेणारा मजुरी देतो, हे मला माहीत आहे.

पाणी घोट्याच्या वर आहे. उंदीर भिंतीकडेने पोहतात. सकाळी आनंदा वर आला. "साहेब, तेवढे ते बूट भेटतील का? पाण्यात काय लागतं ते दिसत नाय."

मी त्याला समजावलं की आता फक्त चार आठवडे राहिले. त्याने मान डोलावली. समजूतदार आहे. हाच समजूतदारपणा उन्मेषकडे असता तर चेंबर केव्हाच उघडला असता.

२४ जून, मंगळवार

दिवसभर ‘सुरक्षितता’ या विषयावर बोर्ड लिहिला. लाल आणि निळी शाई. ‘आपली सुरक्षा आपल्या हाती.’ अक्षर छान आलं.

दुपारी नलूच्या हातून काचेचा ग्लास फुटला. कोणाच्या तरी पायात जाईल म्हणून ती ओरडायला लागली. मी लगेच झाडू घेऊन सगळ्या काचा सुपलीत भरल्या आणि मोरीच्या खिडकीतून निकालात काढल्या. चार मजले उतरून कचरापेटीपर्यंत काचा नेणं जास्त धोक्याचं. घरात नलू अनवाणी असते, तिची काळजी मी घ्यायची नाही तर कोणी?

२६ जून, गुरुवार

आनंदाच्या पायात काच गेली. स्लिपर चिरून तळव्यात. वर आला तेव्हा जिन्यावर रक्ताचे ठिपके पडले होते, ते आधी पुसून घ्यावे लागले, कारण दीपिका कधीही येऊ शकते. नलूने हळद भरून चिंधी बांधली. तिने त्याला चहा घरातल्या स्टीलच्या पेल्यात दिला.

मी तातडीने कडक नोटीस लिहिली: ‘काही बेजबाबदार रहिवासी खिडकीतून काचा टाकतात. ही विकृती आहे. सापडल्यास गय केली जाणार नाही. – सेक्रेटरी.’ माझा संशय रघुनाथ बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर आहे, तिथे पार्ट्या चालतात. नलू नोटीस वाचून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. माझं अक्षर तिला पहिल्यापासून आवडतं.

आनंदा उद्या सुट्टी घेणार होता. पण नंतर म्हणाला, "येतो साहेब, नायतर घाण वर येईल."

४ जुलै, शुक्रवार

आनंदाने पुन्हा बूट मागितले. पाणी आता नडगीला लागतं आणि पायाची जखम ओली राहते. म्हणाला, "एका दिवसापुरते द्या. धुऊन, पुसून परत देतो. तुम्हाला कळणार पण नाय घातले होते ते."

मला कळणार नाही! चौतीस वर्षं मला कळतच होतं. पण मी रागावलो नाही. खरं सांगायचं तर एक क्षण वाटलं, द्यावेत. किल्ली हातात घेतलीसुद्धा. मग विचार केला, आज याला दिले तर उद्या टाकीवाला मागेल, परवा वॉचमन मागेल. आणि हा एकदा घालून गेला की चिखलाचा वास बसायचा, तो उरलेल्या बारा दिवसांत जायचा नाही. स्टोअरच्या माणसाने एकदा मन मऊ केलं की स्टोअर रिकामं व्हायला वेळ लागत नाही. किल्ली परत खिशात ठेवली.

लवू खाली बाकावर होता. आता त्याला सगळं ऐकू आलं. मला म्हणाला, "अरे मनू, ते बूट काय देवघरात पूजूक हाडलंस? माणूस पाण्यात आसा आणि बूट कपाटात!"

मी म्हटलं, "लवू, तू तक्ता वाचलेला नाहीस."

"नाय वाचलंय. माका त्याचो पाय दिसता."

जेवताना नलूनेही तोच विषय काढला. "आनंदा माणूस आहे की नाही?" असं विचारलं. मी तिला म्हटलं, माणूस आहे म्हणूनच तर पंधरा गुण आहेत. तिने वरणाचं भांडं आपटलं. रात्री किल्ली खिशात आहे ना, हे मी दोनदा चाचपून पाहिलं. घरातल्याच माणसावर पाळत ठेवावी लागते, हे लिहितानाही वाईट वाटतं.

१२ जुलै, शनिवार

आनंदा आला नाही. अकरा वर्षांत तो न सांगता राहिलेला नाही. दहाच्या सुमारास त्याच्या बायकोचा, कौसल्याचा, फोन आला. तीन दिवस ताप आहे. पायाच्या पोटऱ्या इतक्या दुखतात की उभं राहवत नाही, डोळे लाल झालेत. मी सुंठीचा काढा सुचवला.

अंतिम पाहणीला चार दिवस आणि सफाई मित्र आजारी. मला माझ्या नशिबाचीच कीव आली. सफाई मित्र किट घालून समोर उभा पाहिजे, असं तक्त्यात स्पष्ट आहे. दुसऱ्या कोणाला उभं करावं तर फोटोतला चेहरा जुळला पाहिजे.

१५ जुलै, मंगळवार

स्वतः कॉटन ग्रीनला गेलो. गोदामांच्या मागे त्यांची खोली. आत उकाडा, तरी आनंदा गोधडी पांघरून पडला होता. मला बघून उठायला लागला. डोळे जरा पिवळट वाटले, पण बल्बचा उजेडही पिवळाच होता.

मी कसं बोलावं याचा जिन्यात विचार केला होता. वाटलं होतं, नको सांगायला, नुसती चौकशी करून परत यावं. पण मग माझ्या डोळ्यांसमोर ते पंधरा गुण आले. म्हटलं, "आनंदा, उद्या दहा मिनिटं. नुसतं उभं राहायचं. कामाला हात लावायचा नाही."

कौसल्या मध्ये पडली. "सायेब, उद्या सकाळी त्यांना मोठ्या हॉस्पिटलात न्यायचंय. लघवी पन नीट व्हत नाय त्यांना."

"पाहणी अकराला आहे. बारा वाजता मी स्वतः टॅक्सीने पोचवतो," मी शब्द दिला.

ती काही तरी बोलणार होती. आनंदाच म्हणाला, "जातो गं. अकरा वर्षांचं काम हाय. नाय कसं म्हनू?" मग माझ्याकडे बघून हसला. "बूट तरी घालायला भेटतील."

त्याचा उत्साह पाहून मला भरून आलं.

१६ जुलै, बुधवार

पाहणी उत्तम झाली. तीन परीक्षक होते. जिना, बोर्ड, कचऱ्याचे दोन रंगांचे डबे, सगळं पसंत पडलं. घरगल्ली टोकावरून दाखवली. पाण्याबद्दल विचारलं, तेव्हा मी रेघ दाखवली आणि विषय उन्मेषकडे वळवला.

आनंदा अंगणात उभा होता. जाकीट, हातमोजे, मास्क, बूट. मास्कमुळे चेहरा दिसत नव्हता, ते एका अर्थी बरंच झालं. अंगाला कंप होता. मोठ्या लोकांपुढे काहींना होतं तसं. एका बाईंनी प्रेमाने विचारलं, "बूट कम्फर्टेबल आहेत ना, दादा?"

"लई चांगले हायेत, बाई," तो म्हणाला. "दुसऱ्यांदाच घातले."

मी चटकन हसून म्हटलं, "दुसरी जोडी आहे, असं म्हणायचंय त्याला." बाईंनी टॅबवर टिकमार्क केला. किटची स्थिती: उत्तम. मी डोळ्यांनी पाहिलं.

परीक्षक वर चहाला गेले आणि आनंदा पायरीवर बसला तो उठेचना. त्याला उमासे येत होते. मी आधी त्याचे बूट काढून घेतले, कारण उलटी बुटांत गेली की वास निघत नाही. लवूने मला एक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही. त्याने आणि नलूने आनंदाला धरून टॅक्सीत घातलं आणि परळच्या हॉस्पिटलात नेलं. शब्द दिल्याप्रमाणे मीच जाणार होतो, पण परीक्षकांचा चहा अर्ध्यावर होता. यजमान उठून कसा जाणार?

बूट पुसून जागेवर ठेवले.

१८ जुलै, शुक्रवार

हॉस्पिटलात जाऊन आलो. नारळपाणी नेलं होतं, पण आनंदाच्या नाकातोंडात नळ्या आहेत. लेप्टो म्हणतात त्याला. उंदराच्या मुताचं पाणी, आणि पायाला जखम असली की तिच्यातून आत जातं. मूत्रपिंडं बंद पडत आली आहेत.

तरुण डॉक्टर कौसल्याला विचारत होता, "पाण्यात काम करताना बूट नव्हते का?" ती काही बोलायच्या आत मी पुढे झालो. "आमच्या संस्थेने सफाई मित्राला गमबूट दिलेले आहेत. फोटो आहे." मोबाइलवर दाखवलाही. डॉक्टरने मान हलवली आणि काही तरी लिहून घेतलं.

मी खोटं बोललो नाही. दिलेले होतेच. कौसल्या माझ्याकडे बघत होती. या दुःखातही संस्था मागे उभी राहिली, याचं तिला बरं वाटलं असावं. पण परत येताना ते बघणं डोळ्यांपुढून जाईना.

२३ जुलै, बुधवार

आनंदा काल दुपारी गेला.

भोईवाड्याच्या स्मशानात जाऊन आलो. चाळीतली सातच माणसं आली. लवू पूर्ण वेळ उभा होता, दुखऱ्या गुडघ्यांनिशी. मी बोर्डवर श्रद्धांजली लिहायला घेतली तेव्हा लक्षात आलं की मला त्याचं आडनाव माहीत नाही. ‘कै. आनंदा’ एवढंच लिहिलं.

जेवण गेलं नाही. नलू चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलते. आज ताट ठेवताना म्हणाली, "त्या दिवशी ग्लासाच्या काचा तुम्ही कुठे टाकल्या?" मी म्हटलं, गल्लीत काचा शंभर ठिकाणहून येतात, काचेवर खोली नंबर नसतो. ती आत गेली. मी नोटीस बोर्डावरून काढली. जुनी झाली होती.

३ ऑगस्ट, रविवार

दादरला एका सभागृहात बक्षीस समारंभ झाला. एकूण गुणांत आमचा तिसरा क्रमांक, रघुनाथ बिल्डिंगचा चौथा. आणि विशेष पुरस्कार, ‘सुरक्षित सफाई मित्र’, आम्हाला! व्यासपीठावर मागच्या मोठ्या पडद्यावर आनंदाचा फोटो. बूट घालून हसतो आहे, मी शेजारी. टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या.

दीपिका धावत आली. "सर, काँग्रॅच्युलेशन्स! दादांना नाही आणलं?"

मी म्हटलं, "ते आता नाहीत."

"ओह, गावी गेले का?"

मागून कोणी तरी फोटोसाठी बाजूला व्हा म्हणत होतं. मी मान हलवली. तिने कोणती समजायची ती समजली.

ट्रॉफी काचेची आहे, त्यामुळे टॅक्सीने यावं लागलं. मांडीवर धरून बसलो होतो. उन्मेष लालबागच्या बसला उभा असलेला दिसला, पण आनंद व्हावा तसा झाला नाही. बहुधा थकलो आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार

जवळजवळ चार आठवडे गल्लीत कोणी उतरलेलं नव्हतं. वास दुसऱ्या मजल्यापर्यंत आला तेव्हा कमिटीने ठरवलं की हे काम कौसल्याला द्यावं. नवऱ्यामागे बायकोला काम देण्याची आपल्याकडे पद्धतच आहे, आणि तिलाही गरज. लवू एकटा विरोधात होता.

ती आज सकाळी सहाला आली. पायात त्याच्याच स्लिपर होत्या, चिरलेली शिवून घेतलेली. मी आधीच ठरवलं होतं. स्पर्धा संपली, गुण पदरात पडले, आता बूट वापरात द्यायला हरकत नव्हती. कपाट उघडलं, आतलं वर्तमानपत्र काढलं आणि स्वतःच्या हाताने तिच्यापुढे केले. "हे घे. नवे आहेत अगदी. मोठे होतील, आत कापड कोंब."

तिने एक बूट हातात घेतला, उलटा केला. तळाला आठ नंबरचा गोल स्टिकर अजून होता. तो तिने नखाने जरा खरवडून पाहिला.

"हे कधी आले?"

"जूनमध्ये. सात तारखेला."

"ते घरी येऊन सांगायचे," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "सायेबांनी बूट आनलेत, सोळा तारखेनंतर देनार हायेत, असं. पाय सुजला तवा पन तेच सांगत व्हते." मग तिने मान वर केली. "तवा का नाय दिले?"

माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती. तक्ता होता, कमिटीचा ठराव होता. पण तोंडातून जे खरं होतं तेच आलं. मी म्हटलं, "खराब झाले असते."

ती रडेल, भांडेल, असं मला वाटलं. तिने दुसरा बूट घेतला, दोन्ही जोडीने सरळ केले आणि माझ्या उंबऱ्यावर ठेवले.

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आत्ता पन खराब व्हतील."

पदर खोचून, फावडं घेऊन ती जिना उतरली. मला तिला हाक मारायची होती. सांगायचं होतं की हे आता तुझेच आहेत, सही पण नको. मागे नलू कधी येऊन उभी राहिली होती कळलं नाही. तिने मला बाजूला केलं, बूट उचलले आणि गेली. आनंदाला हॉस्पिटलात नेलं त्या दिवसानंतर गुडघ्यांमुळे ती खाली उतरलेली नाही.

मी मोरीच्या खिडकीशी आलो. कौसल्या गल्लीत शिरली होती, पाणी तिच्या नडगीच्या वर होतं. फक्कीची रेघ वाहून गेली आहे. नलू गल्लीच्या तोंडाशी उभी होती, दोन्ही हातांत एकेक बूट. "कौसल्या, घाल गो! माझं ऐक, अगो, घाल!" अशा हाका मारत होती. कौसल्याने मागे पाहिलं नाही. चेंबरपाशी पोचल्यावर तिने पूर्ण झाकण उचललं, दोन्ही बाजूंचं.

घडतं ते लिहून ठेवायचं म्हणून ही वही घेतली होती, तेव्हा हेही लिहितो. मला माझी लाज वाटली. स्टोअरमधली चौतीस वर्षं धरून.

आठ वाजत आले. फावड्याचा आवाज येतो आहे, आणि नलू अजून खालीच उभी आहे.